ॲल्युमिनियमच्या जोडाला तडा का जातो?

खिडक्या, शिड्या, टाक्या बनविणाऱ्या कारागिरांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. आर्गॉन वेल्डिंग सफाईदार होते, पण जोड थंड होताच मधोमध केसासारखी चीर दिसते. माल परत येतो, मजुरी बुडते. शिडीचा जोड तुटला तर माणसाच्या जिवावर बेतते. दोष हाताला दिला जातो. पुष्कळदा तो रॉडचा असतो.

ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते आणि गोठताना सुमारे 6 टक्के आकसते. मिश्रधातू मात्र एकदम गोठत नाही. घट्ट झालेल्या कणांमध्ये शेवटपर्यंत रसाचा पातळ थर राहतो. आकसण्याचा ताण तिथेच येतो. फट भरायला रस अपुरा पडला की भेग पडते.

खिडकीचे सेक्शन बहुधा 6063 जातीचे असते. त्याचीच पट्टी कापून रॉड म्हणून वापरणे स्वस्त वाटते, पण तेच नडते. सिलिकॉन 1 टक्क्याच्या आसपास असताना भेगेचा धोका सर्वाधिक असतो. 4043 रॉडमध्ये ते सुमारे 5 टक्के असते, त्यामुळे रस भरपूर राहतो व फट भरून निघते. 5356 रॉडमध्ये सुमारे 5 टक्के मॅग्नेशियम असते. जोड अधिक मजबूत होतो. मात्र सतत 65 अंशांहून अधिक तापणाऱ्या कामाला तो वापरू नये. ॲनोडायझिंग करायचे असेल तर 4043 चा जोड काळपट दिसतो, 5356 चा रंग जुळतो.

योग्य रॉडही पुरेसा पडला पाहिजे. जाड पत्र्याला खाच न पाडता जोड दिला तर मूळ धातूच जास्त मिसळतो आणि रॉडचा गुण उतरत नाही. शेवटी आर्क झटकन तोडू नये. खळगा भरून मग थांबावे.

विमानांत लागणारे 7075 वेल्डिंगला अयोग्यच मानले जाई. 2019 मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी 7075 च्याच रॉडमध्ये टायटॅनियम कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण मिसळून बिनभेगेचा जोड दिला. कणांमुळे धातूचे दाणे बारीक झाले व ताण विखुरला.

आपल्या कारागीर बंधूंना आमचे सांगणे एवढेच: रॉड घेताना भावाआधी नंबर विचारा, आणि नव्या मालावर आधी तुकड्यावर जोड देऊन पाहा. एका रॉडची बचत गिऱ्हाइकाच्या विश्वासापेक्षा मोठी नाही.