मूल हरवलं तर २४ तास थांबू नका! बुऱ्हाणपूर स्टेशनवरून हरवलेला शेरू आणि २५ वर्षं वाट पाहणारी आई

जळगाव जिल्ह्यातलं रावेर ओलांडलं की रेल्वेने पुढचं मोठं स्टेशन लागतं ते मध्य प्रदेशातलं बुऱ्हाणपूर. भुसावळ-खंडवा मार्गावरचं हे स्टेशन खानदेशातल्या अनेकांच्या ओळखीचं. १९८६ साली याच स्टेशनवरून पाच वर्षांचा एक मुलगा हरवला. त्याच्या आईला खरं काय झालं हे कळायला २०१२ साल उजाडलं.

हा मुलगा म्हणजे शेरू. आज जग त्याला सरू ब्रायर्ली म्हणून ओळखतं. त्याच्यावर 'लायन' हा सिनेमाही निघाला. सिनेमा मुलाचा आहे, पण गोष्ट जितकी त्याची तितकीच खंडव्यातल्या त्याच्या आईची, फातिमा मुन्शी यांचीही आहे.

एका रात्रीत दोन मुलं गेली

नवरा सोडून गेलेला, पदरात चार लेकरं. आई बांधकामावर मजुरी करायची. मोठा मुलगा गुड्डू रेल्वेत आणि स्टेशनवर मिळेल ते काम करायचा. एका संध्याकाळी धाकटा शेरू त्याच्या मागे लागून बुऱ्हाणपूरला गेला. दमलेला शेरू बाकावर झोपला. गुड्डू "येतो" म्हणून गेला तो परतलाच नाही.

जाग आल्यावर भाऊ दिसेना म्हणून शेरू समोरच्या गाडीत चढला. गाडी सुटली आणि तो पोचला थेट हावड्याला, म्हणजे कोलकात्याला.

इकडे आई दोघांची वाट पाहत राहिली. काही आठवड्यांनी कळलं की गुड्डूचा मृतदेह रेल्वे रुळाजवळ सापडला होता. एका मुलाचं निदान काय झालं ते समजलं. दुसऱ्याचं काहीच नाही, जिवंत आहे की नाही तेही नाही. तिने शोध घेतला, लोकांना विचारलं, दुआ मागितली. मुलगा परत आला तर आपण सापडलो पाहिजे, म्हणून तिने ती वस्तीही सोडली नाही. दुसरीकडे राहायला जायची सोय असतानाही ती जुन्या घराच्या जवळच राहिली.

पत्ता का लागला नाही?

शेरूला स्वतःचं आडनाव माहीत नव्हतं. वस्तीचं नाव 'गणेश तलाई', पण तो ते असं बोबडं सांगायचा की कुणाला कळेना. बुऱ्हाणपूरचंही तेच. मुलगा हिंदी बोलणारा, आजूबाजूचे बंगाली. आई एका राज्यात, मुलगा दुसऱ्या राज्यात, आणि दोन्हीकडची माहिती एकमेकांशी जोडणारी कुठलीच सोय नव्हती.

काही आठवडे रस्त्यावर काढल्यावर तो पोलिसांमार्फत बालगृहात गेला, तिथून अनाथाश्रमात. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रायर्ली दाम्पत्याने त्याला दत्तक घेतलं. मोठा झाल्यावर त्याने गुगल अर्थवर हावड्यापासून निघणारे रेल्वेमार्ग एकेक करून तपासले. आठवणीतल्या खुणा पाहत तो बुऱ्हाणपूर आणि मग खंडव्यापर्यंत पोचला. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो वस्तीत आला तेव्हा आई तिथेच होती.

प्रत्येक आईच्या नशिबी असा शेवट नसतो. म्हणूनच आज कायदा काय सांगतो, हे घराघरात माहीत असायला हवं.

'२४ तास थांबा' असा कायदा नाही

"नातेवाइकांकडे बघा, उद्या या," असं अनेकांना ऐकावं लागतं. मूल हरवल्यावर २४ तास थांबण्याचा कोणताही नियम नाही. उलट पहिले काही तास सगळ्यात मोलाचे. तेवढ्यात मूल गाडीत बसून दुसऱ्या राज्यात जाऊ शकतं. शेरूचं तेच झालं.

ताबडतोब ११२ वर फोन करा. १०९८ ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन २४ तास चालू असते. रेल्वेत किंवा स्टेशनवर हरवलं असेल तर १३९.

'मिसिंग' नाही, गुन्हा दाखल झाला पाहिजे

हा फरक नीट समजून घ्या. मोठं माणूस हरवलं तर पोलीस 'मिसिंग'ची नोंद घेतात. १८ वर्षांखालचं मूल असेल तर एफआयआर, म्हणजे गुन्हाच दाखल व्हायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर हे स्पष्ट केलं आहे. दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मुलाचं अपहरण किंवा तस्करी झाली आहे असं धरूनच तपास करायचा.

"आमची हद्द नाही" हे कारणही चालत नाही. घटना कुठेही घडलेली असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार घेऊन ती पुढे पाठवता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

तक्रार घेतलीच नाही तर काय?
- पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.
- तरीही काही झालं नाही तर तालुक्याच्या कोर्टात न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.
- वकिलाला पैसे नाहीत? महिलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

चार महिने ही तारीख लक्षात ठेवा

चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी रोखणाऱ्या पोलिसांच्या विशेष कक्षाकडे जायला हवा. तो गेला का, हे लेखी विचारा.

दुसरीकडे, सापडलेलं मूल २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर आणावं लागतं. समिती आईबापाचा शोध घेते. कुणीच मिळालं नाही तर दोन वर्षांपर्यंतचं मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं मूल चार महिन्यांत दत्तक देण्यासाठी मोकळं ठरवता येतं. म्हणून पोलिसांबरोबर बाल कल्याण समितीकडेही फोटोसह अर्ज द्या. शेजारच्या जिल्ह्यातल्या समितीलाही द्या.

'अब्रू जाईल' म्हणून गप्प बसू नका

मुलगी १५-१६ वर्षांची असली की घरचे बदनामीच्या भीतीने तक्रार करत नाहीत. "पळून गेली असेल" असं गावही बोलतं. पण कायद्याने ती मूलच आहे. ती स्वतःहून गेली की नेली, हे ठरवणं तपासाचं काम, गावाचं नाही. उशीर झाला तर नुकसान त्या मुलीचंच होतं.

आजच करता येईल अशा गोष्टी

- मुलाला पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि एक मोबाईल नंबर पाठ करून घ्या.
- ऊसतोडीला, जत्रेला, लांबच्या प्रवासाला जाताना चिठ्ठीवर नंबर लिहून लहान मुलाच्या खिशात ठेवा.
- मोबाईलमध्ये मुलाचा ताजा, चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो असू द्या. अंगावरच्या खुणा लिहून ठेवा.
- एकटं मूल दिसलं तर घरी ठेवून घेऊ नका. १०९८ ला किंवा पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूल सापडल्यावर जुने व्हॉट्सअॅप मेसेज फिरवणंही थांबवा. नाहीतर खऱ्या हरवलेल्या मुलाच्या फोटोकडे कुणी बघत नाही.

शेरूच्या आईजवळ फोन नव्हता, फोटो नव्हता, बाजूने उभा राहील असा कायदाही तिला कुणी सांगितला नव्हता. जागा न सोडणं एवढंच तिच्या हातात होतं आणि ते तिने २५ वर्षं केलं. आज एवढे नंबर आणि नियम हाताशी असताना कुठल्याच आईवर ती वेळ यायला नको.