'माणूस' : आठ दशकांनंतरही न मिटलेला प्रश्न

नगरच्या मातीतून रजतपटावर गेलेल्या कलावंतांमध्ये शाहू मोडक यांचे नाव अग्रभागी येते. २५ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर, म्हणजेच आजच्या अहिल्यानगर येथे, एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३२ साली भालजी पेंढारकर यांच्या 'श्यामसुंदर' या बोलपटात ते बाळकृष्ण झाले, आणि मुंबईत त्या चित्रपटाने रौप्यमहोत्सव साजरा केला. पुढे श्रीकृष्ण म्हटले की मोडक, असे समीकरणच होऊन बसले. १९४० साली 'प्रभात'च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ते माउली झाले. ज्या जिल्ह्यातील नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्याच्या सुपुत्राला ही भूमिका लाभावी, हा मोठा योग म्हणावा लागेल.

या दोन दिव्य भूमिकांच्या मधल्या काळात मोडकांनी एका अगदी साध्या माणसाचे रूप घेतले. १९३९ साली पडद्यावर आलेला हा कृष्णधवल चित्रपट म्हणजे 'माणूस'. त्यात २१ वर्षांच्या मोडकांनी गणपत हवालदार उभा केला आणि शांता हुबळीकर यांनी मैना. तेव्हापासून आजतागायत या चित्रपटाविषयी प्रेक्षकांचे एकमत झालेले नाही. त्या मतभेदांतच त्याचे मोठेपण दडलेले आहे.

सराफाचे भांडवल, कलावंतांची पुंजी

'प्रभात फिल्म कंपनी'ची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली. व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे चार कलावंत, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी, हे पेशाने सराफ. कलेचे तारण ओळखून भांडवल घालणारा व्यापारी नसता, तर मराठी चित्रपटाचे सुवर्णयुग कदाचित कागदावरच राहिले असते. १९३३ साली कंपनी पुण्यास आली. आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच 'प्रभात'ची वास्तू.

त्याच वर्षी शांतारामांनी 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करण्याचा प्रयोग केला. त्याच्या प्रतींसाठी ते जर्मनीस गेले. परंतु रंग मनासारखे उतरले नाहीत. तेथील चित्रपटांतील छायाप्रकाशाचे संस्कार मात्र सोबत आले. 'माणूस'मधील लांब सावल्या आणि अंधाऱ्या गल्लीतील उजेडाचे कवडसे पाहताना या कथेला रंगांची उणीव भासत नाही. तिचा विषयच मुळी समाजाने ठरवलेल्या काळ्या आणि पांढऱ्या माणसांचा आहे.

'देवदास'ला दिलेले उत्तर

१९३५ साली कलकत्त्याच्या 'न्यू थिएटर्स'ने शरच्चंद्रांच्या कादंबरीवरून 'देवदास' काढला. प्रेमभंगाने खचून मद्याच्या आहारी गेलेला आणि अखेर मृत्यूला कवटाळणारा तो नायक तरुण पिढीला मोहवून गेला. शांतारामांना हा पराभूत सूर मान्य नव्हता. 'माणूस' हे त्यांचे उत्तर होते. जीवन जगण्यासाठीच आहे, अशा अर्थाचे इंग्रजी नावही त्यांनी या चित्रपटाला दिले. 'आदमी' या नावाने त्याची हिंदी आवृत्ती निघाली. मराठी संवाद आणि गीते अनंत काणेकरांची, संगीत मास्टर कृष्णरावांचे.

कथा थोडक्यात अशी. कुंटणखान्यावर पडलेल्या छाप्यातून गणपत हा प्रामाणिक हवालदार मैनेला वाचवतो. ओळखीतून स्नेह आणि स्नेहातून प्रेम उमलते. तिला त्या नरकातून काढून आपल्या घरात सन्मानाने आणावे, असा तो ध्यास घेतो. त्याची आई जुन्या वळणाची, देवधर्म करणारी. तीही या मुलीला आपलेसे करू पाहते. परंतु त्या घराचे पावित्र्य मैनेलाच सोसवत नाही. आपण येथे शोभणार नाही, या भावनेने ती माघारी फिरते. अखेर तिच्या हातून एका दुष्ट नातलगाचा खून होतो आणि ती गजाआड जाते. गणपत तिला सोडवू पाहतो, ती नकार देते. निराशेच्या कड्यावरून परतून तो पुन्हा कर्तव्यावर रुजू होतो.

तीन मते, तीन दृष्टी

चित्रपट संपल्यावर पहिले मत ऐकू येते ते गणपतच्या बाजूने. प्रेम गमावूनही ज्याने कर्तव्य सोडले नाही, तो खरा नायक, असे हे प्रेक्षक मानतात. संसाराचा आणि धंद्याचा भार वाहिलेल्या वडीलधाऱ्यांना हे मत विशेष पटते. दुःख कितीही मोठे असले, तरी सकाळी दुकानाची फळी उघडावीच लागते, हे त्यांनी अनुभवलेले असते.

दुसरे मत नेमके उलट आहे. शांताराम धीट होते खरे, पण शेवटच्या पावलाला कचरले, असा या प्रेक्षकांचा आक्षेप असतो. गणपतचे जीवन सावरले; मैनेच्या वाट्याला मात्र तुरुंग आला. जगण्याचा संदेश देणाऱ्या चित्रपटात जगण्याची संधी एकालाच का, असे आजच्या लेकीसुना विचारतात. या प्रश्नाला सहज उत्तर देता येत नाही.

तिसरे मत आईविषयीचे आहे. तिची भूमिका सुंदराबाईंनी केली. सुधारणेची भाषा न बोलता दार उघडणारी ही जुनी बाई अनेकांना सर्वांत पुरोगामी वाटते. पण मग प्रश्न अधिकच टोचतो. दार उघडे होते, आई बोलावत होती, तरी मैना का परतली?

याचे उत्तर 'पत' या शब्दात सापडते, आणि व्यापारी घरांना तो शब्द नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. कर्जदाराची पत ढासळली, तरी थकबाकी चुकती केल्यावर त्याचे खाते पुन्हा नियमित होते. त्याला पुन्हा उचल मिळते. माणसाच्या नावाला मात्र समाजाने अशी सोय ठेवलेली नाही. मैनेची परतफेड कधी पुरी झाली, हे तिला कोणी सांगितलेच नाही. बाजाराच्या नजरेने ठरवलेली किंमत तिने स्वतःच खरी मानली. आईने क्षमा केली, गणपतने क्षमा केली. तिला स्वतःला क्षमा करता आली नाही.

टाळ्यांच्या पलीकडे

येथे प्रेक्षकांनी स्वतःकडेही वळून पाहावे. एक वर्ष वेश्येवर प्रेम करणारा हवालदार झालेले मोडक पुढच्याच वर्षी ज्ञानेश्वर झाले, आणि त्याच प्रेक्षकांनी त्यांना हात जोडले. वेश बदलला की माणूस नवा, हे त्यांच्या बाबतीत सहज मान्य झाले. मैनेला मात्र कथेतही नवा वेश मिळाला नाही.

शांताबाईंच्या जीवनाची अखेरही मन विषण्ण करणारी आहे. अनेक भाषांत कडवी असलेले, उद्याची चिंता झटकून टाकणारे मैनेचे गाणे घरोघरी गाजले. त्याच गाण्याचे शब्द त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रास शीर्षक म्हणून घेतले. परंतु त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आलेला 'उद्या' एकाकी होता. उत्तरायुष्यात त्यांना वृद्धाश्रमाचा आसरा घ्यावा लागला. १९९२ साली त्या गेल्या; त्यापुढच्याच वर्षी मोडकांनीही जगाचा निरोप घेतला.

एखाद्या निवांत संध्याकाळी तीन पिढ्यांनी एकत्र बसून हा चित्रपट जरूर पाहावा. आजोबा गणपतची बाजू घेतील, नात मैनेची घेईल, वाद रंगेल. तो रंगू द्यावा. मात्र दिवे लागल्यावर एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. एकदा चुकलेला कारागीर, दिवाळे निघालेला भाऊबंद, किंवा मोडलेला संसार सोडून माहेरी आलेली लेक आपल्या दारी आली, तर आपण दार उघडूच. पण आत आल्यावर तिला आपल्या नजरेत परकेपण तर दिसणार नाही ना? 'माणूस' या नावाचे मोल त्या उत्तरावर ठरणार आहे.