गिट्टी सहाची, तर बिटही सहाचंच

हुतात्मा बाबू गेनूंच्या महाळुंगे पडवळमध्ये, किंबहुना साऱ्या आंबेगाव-जुन्नर पट्ट्यात, एकाच घराला दोन-तीन पिढ्यांच्या भिंती सापडतात. मागची काळ्या दगडाची, मातीत रचलेली. पुढची विटांची. वर नवी खोली चढवली असेल, तर तिला हलके सिमेंट ब्लॉक. फळी लावायची झाली की तिन्ही भिंतींना एकच भोक चालत नाही.

प्लास्टिकची गिट्टी भिंतीत टिकते ती दाबावर. स्क्रू पिळत गेला की तिचे दोन्ही गाल फाकतात, भोकाच्या कडांना रेटतात आणि त्या रेट्यातून घर्षण तयार होतं. गिट्टीला बाहेर ओढणाऱ्या वजनाला हे घर्षणच अडवतं. ६ मिमीच्या गिट्टीत साधारण ४ ते ५ मिमीचा स्क्रू जातो, त्यामुळे ती फाकते ती थोडीच. भोक ७ मिमीचं झालं, तर हे फाकणं रिकामी जागा भरण्यातच खर्ची पडतं आणि भिंतीवर दाब पडायचा राहतो. भोक ५ मिमीचं ठेवलं, तर ठोकताना गिट्टीच चेपते.

लंडनच्या जॉन रॉलिंग्ज यांनी १९११च्या सुमारास तागाच्या तंतूंची गिट्टी आणली. १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनची केली. साहित्य बदललं, पण दाबाचं गणित तेच राहिलं.

खरी फसगत भिंतीत असते. आपला काळा बेसॉल्ट कठीण; हॅमर चालू ठेवून, आधी बारीक बिटानं वाट करून घेतली की भोक नेमक्या मापाचं पडतं. मात्र ते दगडातच पडायला हवं; सांध्यातली माती गिट्टीला धरत नाही. विटेत हॅमरच्या हादऱ्यानं भोक मोठं होतं, म्हणून तो बंद ठेवावा. हलक्या ब्लॉकमध्येही हॅमर नको आणि बिट एक मिमीनं लहान घ्यावं. ब्लॉक मऊ असल्यानं गिट्टी त्यात घट्ट रुतते.

गिलाव्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं. तो १२-१५ मिमी जाड असला, तर ३० मिमीच्या गिट्टीचा जवळजवळ अर्धा भाग त्यातच अडकतो. अशा वेळी लांब गिट्टी घ्यावी, भोक तिच्याहून १० मिमी खोल करावं आणि भुकटी फुंकून काढावी.

फळीवर १० किलो वजन भिंतीपासून १५ सेंमीवर आलं आणि ब्रॅकेटचा वरचा स्क्रू खालच्या टोकापासून १० सेंमीवर असला, तर वरच्या स्क्रूंवर मिळून १५ किलोची ओढ येते. म्हणून वरची भोकं आधी पाडावीत, तीही विटेच्या मध्यावर.