लॅटिन ‘देक्-’ : नाते, उसनवारी आणि तगरची वाट

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले असून, तेथील कापड गाड्यांतून भडोचला जाई असे नमूद आहे. त्याच ग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालात सोन्याचांदीचे ‘देनारिऑन’ येतात. स्थानिक नाण्यांशी बदलताना त्यांत नफा होई. इंग्रजी शब्दांतील ‘डेक्-’ या मूळाचा विचार तेरपासून आरंभण्याचे कारण हेच.

लॅटिनमध्ये ‘देकेम्’ म्हणजे दहा, ‘देनी’ म्हणजे दहा-दहा. त्यावरून ‘देनारिउस’ : दहा ‘अस्’ किमतीचे नाणे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात त्याची किंमत सोळा अस् झाली, नाव मात्र दहाचेच राहिले. मार्चपासून वर्षारंभ धरणाऱ्या रोमनांचा दहावा महिना ‘डिसेंबर’ आज बारावा आहे, तसेच हे.

‘देकेम्’ आणि ‘दश’ यांतील साम्य उसनवारीचे नव्हे. लॅटिन ‘क’ जेथे येतो तेथे संस्कृतात ‘श’ येतो. ‘केंतुम्’ व ‘शतम्’ ही जोडीही तेच सांगते. ही दोन्ही भाषांना समान पूर्वजाकडून आलेली मिळकत होय. तेव्हा ‘दश’वरून ‘डेसिमल’ झाला, हे उत्तरपत्रिकांत आढळणारे विधान टिकत नाही.

‘दीनार’ची गोष्ट निराळी. उणादिसूत्रांत तो क्षयार्थी ‘दी’ धातूपासून साधला आहे. व्याकरणदृष्ट्या ही सिद्धी निर्दोष असेल. इतिहास मात्र तिच्या बाजूने नाही. शब्द नाण्याबरोबर आला. त्यातील दीर्घ ‘ई’ही बोलकी आहे : थेट लॅटिनमधून ‘देनार’ अपेक्षित होता, ग्रीक उच्चारात तो ‘ए’ पुढे ‘ई’कडे झुकला, म्हणून मार्ग बहुधा ग्रीकांमार्फतचा. रोममध्ये देनारिउस चांदीचे होते. आपल्याकडे मात्र गुप्तांच्या शिलालेखांत ‘दीनार’ सोन्याचे नाणे आहे आणि अमरकोशात तो शब्द ‘निष्क’च्या अर्थांत बसला आहे. परका शब्द कोशात गेला की त्याचे परकेपण कोणी विचारीत नाही!

तिसरी वाट इंग्रजीची. वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘डीन’ मुळात ‘देकानुस’, म्हणजे दहा मठवासीयांवरील प्रमुख; फ्रेंचमधून येताना मधला ‘क’ गळाला. त्यामुळे ‘डीन’ व ‘दहा’ यांचे नाते आज कानाला मुळीच जाणवत नाही, आणि तरीही ते खरे आहे.