शेअर घेतलात, पण पैसे पुरते भरलेत का?

पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली. तिथे माल नेणाऱ्या शेतकऱ्याला उधारीचा हिशेब कोणी शिकवायला नको. व्यापाऱ्याने हजाराचा माल उचलला आणि सहाशे हातावर टेकवले, की चारशे त्याच्या नावे बाकी. कंपनीच्या शेअरचेही तसेच असते. फरक एवढाच, की इथे बाकीदार तुम्ही असता!

२००२ च्या कायदादुरुस्तीनंतर शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. दहा शेतकरी एकत्र आले तरी ती नोंदवता येते. आज कितीतरी गावांतील मंडळी अशा कंपन्यांचे सभासद आहेत. पण ताळेबंद हातात पडला की भांडवलाच्या आकड्यांपाशी गाडी अडते.

उदाहरण घ्या. कंपनीचे अधिकृत भांडवल १० लाख. म्हणजे एवढ्या रकमेपर्यंत शेअर काढायची मुभा, तेवढे पैसे जमले असे नव्हे. ५०० सभासदांनी १० रुपयांचे प्रत्येकी १०० शेअर घेतले. हे झाले ५ लाख. कंपनीने आधी ४ आणि नंतर २, असे शेअरमागे ६ रुपये मागितले. म्हणजे ३ लाख यायला हवेत. पण ५० जणांनी दुसरा हप्ता भरलाच नाही. त्यांची थकबाकी १० हजार. उरले २ लाख ९० हजार. हेच ‘वसूल भाग भांडवल’. बोर्डावर १० लाख, वसूल मात्र तीन लाखही नाही!

शेअरचे १० पैकी १० रुपये भरले, की तो पूर्ण भरणा झालेला शेअर. मग कंपनी बुडाली तरी त्या शेअरपोटी तुमच्याकडे आणखी काही मागता येत नाही. ६ च भरले असतील, तर उरलेले ४ रुपये केव्हाही मागितले जाऊ शकतात, अगदी कंपनी गुंडाळतानासुद्धा. ‘आता कंपनीच राहिली नाही, कशाला भरू?’ हे तिथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वसूल भांडवल म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे. त्या पैशातून क्रेट, वजनकाटे घेतले असतील, तोटाही झाला असेल. तरी भांडवलाचा आकडा तोच राहतो. तोटा ताळेबंदात वेगळा दिसतो, तोही पाहा.

या आकड्याला सरकारदरबारीही मोल आहे. १० हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची केंद्राची योजना २०२० साली आली. सभासदांनी जमवलेल्या भांडवलाइतकेच अनुदान तीत ठेवले आहे. त्याला मर्यादा सभासदामागे २ हजार रुपये आणि संस्थेला १५ लाख. म्हणजे शेअरचा हप्ता थकला, तर नुकसान सगळ्यांचेच.

तेव्हा पैसे भरताना पावती घ्या. शेअर सर्टिफिकेटवर दर शेअरला किती भरले ते लिहिलेले असते, ते वाचून घ्या. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनीही एवढे पाहावे: कंपनीने पत्रावर वा जाहिरातीत अधिकृत भांडवल छापले, तर विकले गेलेले आणि वसूल झालेले भांडवलही तितक्याच ठळक अक्षरांत छापावे, असा कायदा आहे. आणि वार्षिक सभेत चहा पिऊन उठण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: वसूल किती, बाकी किती आणि ती कोणाकडे?