भाकरी ताटातून का गेली?

१९६०-६१ साली, महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा, इथल्या जवळपास ६३ लाख हेक्टरांवर ज्वारी उभी होती. आज त्यातलं फार तर एक तृतीयांश क्षेत्र उरलं आहे. लोकांना गव्हाची पोळी आवडू लागली आणि भाकरी मागे पडली, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आवड नंतर बदलली. त्याआधी शेत बदललं होतं आणि रेशनचं दुकानही.

साठच्या दशकात देशात धान्याची टंचाई होती. अमेरिकेतून पीएल-४८० कराराखाली गहू येत होता. अशा वेळी १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. खेड्यापाड्यांत त्याला नुसतं ‘हायब्रीड’ म्हणत. बुटकं ताट, लवकर तयार होणारं पीक आणि भरघोस कणीस. पोट भरण्याच्या दृष्टीने हायब्रीडने मोठं काम केलं, हे मान्यच करायला हवं. पण दाणा पक्व व्हायची वेळ आणि परतीचा पाऊस एकत्र आले की कणसं काळी पडायची. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नसे, भाकरीला चव नसे. कडबाही देशी ज्वारीपेक्षा कमी निघे.

मग १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामांवर माणसं लोटली. सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो यांवर घरं तगली. त्या पिढीतल्या कुणालाही मिलोच्या भाकरीबद्दल विचारा, चेहऱ्यावरच उत्तर मिळतं. दुष्काळातून सावरल्यावर सिंचनाचा ध्यास वाढला तो योग्यच होता. पण पाणी आलं की ज्वारी जायची आणि ऊस यायचा.

खरी चवीची ज्वारी रब्बीची. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड पद्धतीने तयार झालेली मालदांडी ३५-१ स्वातंत्र्याच्या आधीपासून टिकून आहे. तिची शेतीच वेगळी. पाऊस सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिफणीने पेरायची आणि पुढे जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक काढायचं. थंडीत काळं रान भेगाळू लागतं. तेव्हा कोळप्याने वरची माती हलवून भेगा बुजवायच्या, म्हणजे खालची ओल उडून जात नाही. पाण्याची एकही पाळी न देता चार महिन्यांत माणसाला दाणा आणि जनावराला कडबा देणारं हे पीक आहे. सोलापूर-मंगळवेढ्याच्या भारी जमिनीत ते इतकं उत्तम येतं, की मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पण काढणी जिवावर येते. वाळलेल्या, टणक झालेल्या काळीतून एकेक ताट मुळासकट उपटायचं. तळहात सोलून निघतात. मग पेंढ्या बांधायच्या आणि बायांनी बसून कणसं मोडायची. घरात माणसं होती, दावणीला बैल होते तोवर हे निभलं. ट्रॅक्टर आला, बैल गेले, मजुरी वाढली. शेजारच्या हरभऱ्यावर मात्र यंत्र फिरतं आणि माल सरळ पोत्यात पडतो. शेतकरी हरभऱ्याकडे वळला यात नवल नाही.

खरिपातली ज्वारी त्याआधीच सोयाबीनने हटवली होती. नव्वदच्या दशकापासून विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पसरत गेलं. त्याने रोख पैसा दिला, पण ते घरच्या चुलीवर शिजत नाही. शेतकऱ्याच्याच घरात धान्य विकत येऊ लागलं, आणि ते मिळायचं रेशनवरचा गहू-तांदूळ म्हणून. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर ठरवले. कागदावर सर्वांत स्वस्त ठरलेलं धान्य दुकानात मात्र क्वचितच दिसलं. मी याला केवळ ढिलाई म्हणणार नाही. सरकारने खरेदी केली नाही, म्हणून दुकानात आलं नाही. आणि दुकानात नव्हतं, म्हणून नव्या सुनांच्या हाताला भाकरी थापायची सवय लागली नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. शहरांत ज्वारीच्या पिठाची, बिस्किटांची पाकिटं दिसू लागली. त्या हंगामासाठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,२२५ रुपये होता. तो जाहीर होतो. पण गावाजवळ वेळेवर खरेदी केंद्र उघडलं नाही, तर शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? शेजारच्या कर्नाटकात उत्तरेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी दिली जाते. आपल्याकडेही काही जिल्ह्यांत ती मधूनमधून वाटली गेली, पण नेमाने नाही. सोलापूर, बीड, धाराशिव इथली ज्वारी तिथेच विकत घेऊन तिथल्याच रेशन दुकानांतून वर्षभर द्यावी, आणि उंच ताटाची काढणी करताना कडबा शाबूत ठेवणारं, छोट्या शेतकऱ्याला भाड्याने परवडणारं यंत्र गावोगाव पोहोचवावं. या दोन गोष्टी झाल्या, तर मालदांडी पेरायला तयार असलेले शेतकरी अजून आहेत.