पायाखालची कळ

करंजीचा घाट नगरकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पुढे उसाचा ट्रक चालला आहे आणि समोरचा रस्ता क्षणभरच मोकळा आहे, अशा वेळी चालक ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो. १९६३ साली निघालेल्या मर्सिडीझ २३० एसएल या गाडीत आपोआप गिअर बदलणारी पेटीही मिळे. तीत पेडलखाली एक लहानशी कळ असते. ती दबली की वीज पेटीवरील सोलेनॉइडकडे जाते, आतील तेलाचा दाब बदलतो आणि गाडी खालच्या गिअरमध्ये उतरून जोर धरते. कळ बिघडली तर हा जोर नेमका ट्रकच्या बरोबरीला आल्यावर मिळत नाही. म्हणून तिची परीक्षा घरीच घ्यावी.

हातब्रेक लावावा, इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवावी आणि पेडल पुरते दाबावे. पेटीपाशी ‘टक्’ असा आवाज आला तर विजेची बाजू बहुधा ठीक आहे. मग तेलाची पातळी पाहावी. आवाज आला नाही तर प्रथम फ्यूज पाहावा. पायाखालचे जाड मॅट पेडलला अडवते काय, तेही पाहावे. नंतर बारा व्होल्टचा तपासणीचा दिवा घ्यावा. कळीकडे येणाऱ्या तारेवर तो लागला नाही, तर दोष अलीकडच्या तारेत आहे. तेथे लागला, पण कळ दाबूनही पलीकडे लागला नाही, तर कळच खराब आहे. दोन्हीकडे लागला, तर पुढची तार व सोलेनॉइड तपासावे.

भरवेगात मात्र गाडी खालचा गिअर घेत नाही. तो बिघाड नव्हे. इंजिनाच्या रक्षणासाठी केलेली ती योजनाच आहे.